ड्रॅगनचें कूळ कोणतें?

श्रोतेहो, जगांत असे कितीतरी प्राणी आहेत, कीं ज्यांना आपण रोज पाहतों पण ओळखत नाहीं. आणि असाहि एक प्राणी आहे, कीं ज्याला आजवर कोणीं पाहिलेलें नाहीं, परंतु ओळखतात मात्र सगळे. ड्रॅगन हा तो प्राणी होय. खवल्यांचें लांबलचक अंग, चार नखाळ पाय, पाठीवर वटवाघळासारखे दोन पंख आणि तोंडांतून निघणाऱ्या ज्वाळा, एवढें चितारलें कीं चार वर्षांचें मूलहि त्याचें नांव सांगतें. मात्र त्याच मुलानें पुढें विचारलें, कीं हा प्राणी कोणाच्या जातीचा, सापाच्या, पालीच्या, कीं पांखराच्या, तर वडील मंडळींना उत्तर देण्यापूर्वीं क्षणभर थबकावें लागेल. आज आपल्याला त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रश्न पोरकट वाटेल. पण युरोपांतील आणि चीनमधील मोठमोठ्या सृष्टिनिरीक्षकांनीं तो पूर्ण गांभीर्यानें हाताळला आहे, त्यावर ग्रंथ रचले आहेत, आणि एका तरुण शास्त्रज्ञाला तर त्यापायीं एक शहर घाईघाईनें सोडावें लागलें आहे. शिवाय, जो प्राणी नाहीं त्याला कोठें बसवावें याचा विचार करूं लागलें, म्हणजे जे प्राणी आहेत त्यांना आपण कोणत्या न्यायानें बसवितों, हेंहि उलगडूं लागतें.

आरंभ नांवापासूनच करूं. ‘ड्रॅगन’ हा शब्द ग्रीक ‘द्राकोन’ या शब्दापासून लॅटिनमार्गें आला आहे. पाहणें या अर्थाच्या ज्या ग्रीक धातूशीं त्याचा संबंध जोडतात, तो आपल्या संस्कृत ‘दृश्’ धातूचा भाऊबंदच आहे. तेव्हां द्राकोन म्हणजे टक लावून पाहणारा. सापाच्या डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या नसतात. त्यांवर कांचेसारखा एक पारदर्शक खवला असतो, आणि त्यामुळें त्याची दृष्टि कधीं लवत नाहीं. ग्रीक व रोमन लेखकांच्या लेखीं ड्रॅगन म्हणजे बहुधा एक प्रचंड सर्पच होता. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हिअसच्या उद्रेकाच्या वेळीं मरण पावलेला रोमन पंडित प्लिनी आपल्या सृष्टिवर्णनपर ग्रंथांत सांगतो, कीं हिंदुस्थानांत हत्ती आणि ड्रॅगन यांचें हाडवैर असून ड्रॅगन हत्तीला विळखे घालून आवळतो. हें वाचतांना आपल्याला अजगर आठवल्यावांचून राहत नाहीं. हत्तीशीं झुंजण्याची गोष्ट अतिशयोक्तीची खरी, पण भक्ष्याला विळखा घालण्याची रीत अजगराचीच. आणि ‘अजगर’ या शब्दांतच बकरा गिळणारा असा अर्थ भरलेला आहे. मोठ्या सर्पांची आपल्या भूमीला पूर्वीं वाण नव्हती. कच्छमधील पानंध्रो येथील लिग्नाइटच्या खाणींत सांपडलेल्या मणक्यांवरून २०२४ सालीं ‘वासुकी इंडिकस’ या नांवानें एका लुप्त सर्पाचें वर्णन प्रसिद्ध झालें. सुमारें ४ कोटि ७० लाख वर्षांपूर्वीं वावरणाऱ्या या सर्पाची लांबी ११ ते १५ मीटर असावी, असा अंदाज आहे. असो. ड्रॅगन म्हणजे मोठा सर्प, एवढाच अर्थ असेल तर प्राणिशास्त्राला तो मुळींच जड नाहीं. पृष्ठवंशी प्राणी, त्यांत सरीसृप, त्यांत सर्प, अशी त्याची जागा तयारच आहे.

अडचण सुरू होते ती त्याला पाय आणि पंख फुटल्यानंतर. मध्ययुगीन युरोपांतील चित्रकारांच्या आणि कथाकारांच्या हातीं हा सर्प हळूहळू पालटत गेला. कोणीं त्याला दोन पाय दिले, कोणीं चार. पंख मात्र बहुतेकांनीं दिले. पुढें इंग्लंडांतील सरदार घराण्यांच्या ढालींवरील चिन्हांत तर दोन पायांच्या ड्रॅगनला ‘वायव्हर्न’ असें वेगळें नांवच मिळालें. हा पायांचा हिशेब वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. आपल्या प्रश्नाची किल्ली त्यांतच आहे, आणि पुढें आपण तिच्याकडे येणार आहोंत.

इटलींतील बोलोन्या शहराजवळ १३ मे १५७२ रोजीं एका गुराख्यानें दोन पायांचा एक लहानसा ड्रॅगन मारला, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. योगायोग असा, कीं त्याच दिवशीं बोलोन्याचेच सुपुत्र तेरावे ग्रेगरी यांची पोपच्या पदावर निवड झाली, आणि त्यांच्या घराण्याच्या ढालीवर ड्रॅगनचेंच चित्र होतें. हा शकुन शुभ कीं अशुभ, यावर चर्चा सुरू झाली. तें प्रेत अखेर उलिस्से आल्ड्रोव्हांडी या नामांकित निसर्गाभ्यासकाकडे आलें. त्यानें त्याचें चित्र काढविलें, इतर प्राण्यांप्रमाणें त्याचें वर्णन लिहिलें आणि तें आपल्या संग्रहांत ठेवलें. सर्प व ड्रॅगन यांवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, छापून निघाला. त्या ग्रंथांतील चित्राची २०१३ सालीं आधुनिक प्राणिशास्त्रज्ञांनीं बारकाईनें तपासणी केली, तेव्हां त्यांचा निष्कर्ष असा निघाला, कीं अंग युरोपांतील गवताळ सापाचें, पाय भेकाचे, आणि मधला फुगीर भाग आंत घातलेल्या माशाचा! आल्ड्रोव्हांडी हा लबाड नव्हता. मूर्ख तर मुळींच नव्हता. हातीं आलेल्या वस्तूचें वर्णन करणें हें आपलें काम, असें तो मानीत असे, आणि तें त्यानें चोख केलें. पण वस्तु एकाच प्राण्याची आहे कीं अनेकांच्या तुकड्यांची, ही आधींची पायरी त्याच्या हातून सुटली.

अशा बनावट ड्रॅगनांचा त्या काळीं एक धंदाच होता. समुद्रांतील रे नांवाचा चपटा मासा घ्यावयाचा, त्याचे रुंद पर कापून पंखांसारखे ताणावयाचे, शेपटी वळवावयाची आणि तो वाळवावयाचा. कीं झाला ड्रॅगन तयार. स्विस पंडित कोन्राड गेस्नर यानें १५५८ सालींच आपल्या प्राणिग्रंथांत अशा वाळविलेल्या माशाचें चित्र देऊन वाचकांना सावध केलें होतें. परंतु सावधगिरीच्या सूचनेपेक्षां नवलाची वस्तु अधिक खपते, हा अनुभव कांहीं आजचा नाहीं.

आतां थोडें चीनकडे वळूं. तेथील ‘लुंग’ हा युरोपीय ड्रॅगनचा केवळ नामधारी बंधु आहे. तो आग ओकीत नाहीं, पाऊस पाडतो. त्याला बहुधा पंख नसतात. आणि तो दुष्ट नसून मंगल मानला जातो. त्याचें रूप सांगतांना जुन्या चिनी ग्रंथकारांनीं नऊ प्राण्यांशीं साम्य दाखविलें आहे: शिंगें हरिणाचीं, मान सापाची, खवले कार्प माशाचे, नखें गरुडाचीं, पंजे वाघाचे, कान बैलाचे, याप्रमाणें. अंगावर खवले एकंदर ११७, अशी मोजदादहि त्यांनीं केली आहे. सोळाव्या शतकांतील थोर वैद्य ली शिझेन यानें औषधी द्रव्यांचा जो प्रचंड कोश रचला, तो त्याच्या मृत्यूनंतर १५९६ सालीं प्रकाशित झाला. त्यांत खवल्यांच्या प्राण्यांचा एक स्वतंत्र विभाग असून त्याचे पोटभाग चार आहेत: ड्रॅगन, साप, खवल्यांचे मासे आणि बिनखवल्यांचे मासे. ड्रॅगनच्या पोटभागांत त्याच्या शेजारीं यांगत्से नदींतील सुसरीसारखा प्राणी आहे, पाली व सरडे आहेत, आणि चक्क खवले मांजरहि आहे.

ही मांडणी हसण्यासारखी नाहीं. खवले हें एक लक्षण धरलें, कीं ती अगदीं सुसंगत आहे. प्रश्न एवढाच, कीं लक्षण कोणतें धरावयाचें? खवले मांजर कोंकणच्या लोकांना माहीत आहे. अंगावर शेंगांच्या ढिगासारखे एकावर एक खवले, भय वाटलें कीं अंगाचें वेटोळें. पण मादी पिलाला दूध पाजते, आणि पोटाकडे पाहिलें तर केंसहि दिसतात. म्हणजे कूळ सस्तनांचें, आवरण मात्र खवल्यांचें. देवमाशाची गोष्ट अशीच. आकार माशाचा, पण रक्त ऊष्ण, श्वास फुप्फुसांचा आणि पोषण आईच्या दुधावर. अंगरखा एकाच कापडाचा आहे, एवढ्यावरून दोन माणसें एका घराण्यांतलीं ठरत नाहींत. घराणें ठरतें तें वंशावळीवरून. १८५९ सालीं डार्विननें हेंच तत्त्व प्राण्यांच्या वर्गीकरणाला लावून दाखविलें. वरवरचें साम्य एकाच राहणीमुळें येऊं शकतें; खोल रचनेंतील साम्य मात्र पूर्वजांकडून येतें. ड्रॅगनचे खवले, शिंगें आणि नखें पाहून त्याचें कूळ ठरविणें म्हणूनच चुकीचें. त्याचा सांगाडा पाहिला पाहिजे.

सांगाडा! पण ड्रॅगनचीं हाडें तर चीनमधील औषधांच्या दुकानांत शतकानुशतकें विकलीं जात होतीं. ‘लुंग-गू’, म्हणजे ड्रॅगनचीं हाडें, कुटून त्यांचें चूर्ण अनेक रोगांवर देत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय संग्राहकांनीं हीं हाडें व दांत विकत घेऊन तज्ज्ञांकडे पाठविले, आणि म्युनिकच्या माक्स श्लोसर यानें १९०३ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तपासणींत ड्रॅगन एकहि निघाला नाहीं. निघाले प्राचीन घोडे, हरिणें, गेंडे, तरस आणि हत्ती. १९३५ सालीं हाँगकाँगच्या अशाच एका दुकानांत राल्फ फॉन केनिग्सवाल्ड यांना एक प्रचंड दाढ सांपडली, आणि तिच्यावरून ‘जायगँटोपिथेकस’ या लुप्त महाकपीचा शोध लागला. पेकिंगजवळील झोउकोउदिएन येथील एका टेकडीचें नांवच ‘ड्रॅगनच्या हाडांची टेकडी’ असें आहे. तेथें १९२९ सालीं पेइ वेनझोंग यांना पेकिंग-मानवाची कवटी मिळाली. युरोपांतहि हाच प्रकार. ऑस्ट्रियांतील क्लागेनफुर्ट गांवीं चौदाव्या शतकांत सांपडलेली एक कवटी तेथील दंतकथेंतल्या ड्रॅगनची म्हणून जपून ठेवली होती, आणि सोळाव्या शतकांत गांवच्या चौकांतील ड्रॅगनचा पुतळा घडवितांना शिल्पकारानें तिचाच आधार घेतला. ती कवटी निघाली हिमयुगांतील केसाळ गेंड्याची! म्हणजे नांव एक, आणि त्याखालीं प्राणी अनेक. ज्या नांवाखालीं घोडा, गेंडा आणि महाकपि सुखानें एकत्र नांदतात, तें नांव म्हणजे जाति नव्हे.

या सर्व गोंधळांत तलवार चालविली ती कार्ल लिनीअस या स्वीडिश तरुणानें. १७३५ सालीं तो हॉलंडला जातांना हॅम्बुर्ग येथें उतरला. त्या शहरांत सात डोक्यांचा एक ‘हायड्रा’ होता. त्याची कीर्ति युरोपभर झाली होती, आणि आदल्याच वर्षीं अ‍ॅम्स्टरडॅमचा प्रसिद्ध संग्राहक आल्बेर्टुस सेबा यानें त्याचें चित्र आपल्या भव्य ग्रंथांत छापलें होतें. मालकाला तो मोठ्या किमतीला विकावयाचा होता. लिनीअसनें तो हातांत घेऊन पाहिला, आणि त्याच्या लक्षांत आलें, कीं जबडे आणि पंजे हे मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझल नांवाच्या एका लहान प्राण्याचे असून वर सापाचें कातडें चिकटविलें आहे. बायबलच्या शेवटच्या भागांत सात डोक्यांच्या ड्रॅगनचें वर्णन आहे. त्याची मूर्ति म्हणून मठांतील साधूंनीं हा प्राणी बनविला असावा, असा त्याचा तर्क होता. त्यानें हें उघडपणें सांगितलें. त्या हायड्राची किंमत एकदम कोसळली. आणि मालक आपल्यावर सूड उगवील, या भीतीनें लिनीअसनें शहर सोडलें. त्या वेळीं त्याच्यापाशीं ना पद होतें, ना पैसा. गप्प बसला असता तर त्याचें कांहींच बिघडलें नसतें.

त्याच वर्षीं लायडन येथें त्याचा सृष्टिव्यवस्थेवरील सुप्रसिद्ध ग्रंथ प्रथम प्रकाशित झाला. ग्रंथ म्हणजे तेव्हां मोठ्या आकाराचीं मोजकींच पानें होतीं. त्यांत प्राण्यांच्या कोष्टकाच्या जोडीला एक निराळा कप्पा होता, आणि त्याचें नांव ‘विरोधाभास’ या अर्थाचें होतें. ऐकींव आणि संशयित प्राणी त्यानें तेथें जमा केले: हायड्रा, एकशिंगी घोडा, फीनिक्स पक्षी आणि अर्थात् ड्रॅगन. ड्रॅगनविषयीं त्याचा अभिप्राय थोडक्यांत असा, कीं तो एक तर पंखांचा सरडा असावा, नाहीं तर कृत्रिम रीतीनें बनवून वाळविलेला रे मासा. गमतीची गोष्ट अशी, कीं त्याच कप्प्यांत त्यानें पेलिकन हा खराखुरा पक्षीहि टाकला होता. कारण तो स्वतःच्या छातींतील रक्त पाजून पिलें जगवितो, ही दंतकथा त्याला पटली नव्हती. पुढें पेलिकनला पक्ष्यांत रीतसर जागा मिळाली. संशयाचा कप्पा म्हणजे फांसाचा खांब नव्हे. पुरावा येईपर्यंत थांबण्याची ती ओसरी आहे. ड्रॅगन त्या ओसरीवर बसूनच राहिला, कारण त्याच्या बाजूनें साक्ष द्यावयास कोणी आलें नाहीं. १७५८ सालीं ग्रंथाची दहावी आवृत्ति निघाली, तोंवर तो कप्पाच नाहींसा झाला होता. पण ‘ड्रॅको’ हें नांव मात्र लिनीअसनें वायां जाऊं दिलें नाहीं. आग्नेय आशियांतील एका छोट्याशा उडत्या सरड्याला त्यानें ‘ड्रॅको व्होलान्स’ असें नांव दिलें.

आतां पायांच्या हिशेबाकडे येऊं. बेडूक, सरडा, पक्षी, घोडा आणि माणूस या सर्वांचा मूळ सांगाडा एकच आहे: अवयवांच्या जोड्या दोन. सुमारें ३७ कोटि वर्षांपूर्वीं ज्या माशांसारख्या प्राण्यांपासून जमिनीवरील पृष्ठवंशी प्राणी निपजले, त्यांच्या छातीजवळील व ढुंगणाजवळील परांच्या दोन जोड्यांचेच हे चार पाय झाले. पुढें कोणाचे पाय गेले. सापाचे तर संपूर्ण गेले, आणि अजगराच्या शेपटीच्या मुळाशीं त्यांची खूण म्हणून दोन नख्या तेवढ्या उरल्या. पण तिसरी जोडी मात्र कोणालाहि फुटली नाहीं. मग पंख कोठून आले? हातांतून. पृष्ठवंशी प्राण्यांत खरें उड्डाण तीनदां निर्माण झालें, आणि तिन्ही वेळां त्याची किंमत पुढच्या पायांनीं भरली. लुप्त टेरोसॉरांनीं आपल्या चौथ्या बोटाची लांबलचक काठी करून तिच्यावर पडदा ताणला. पक्ष्यांनीं हातावर पिसें धारण केलीं. वटवाघळांनीं बोटें छत्रीच्या तारांसारखीं पसरलीं. निसर्गाच्या या दुकानांत पंख उधार मिळत नाहींत. ते घ्यावयाचे तर हात द्यावे लागतात.

या कसोटीवर दोन पायांचा ड्रॅगन निभावून जातो. त्याचे पंख म्हणजेच त्याचे हात. खवलेदार अंग, पातळ पडदा आणि लांब मान पाहतां त्याला टेरोसॉरांच्या आसपास जागा देतां येईल. आकारहि आड येत नाहीं. टेक्ससमध्यें सांपडलेल्या व १९७५ सालीं नांव मिळालेल्या ‘केत्साल्कोआट्लस’ या टेरोसॉरच्या पंखांचा पसारा १० ते ११ मीटर होता, असा अंदाज आहे. पण चार पाय आणि शिवाय दोन पंख असलेला ड्रॅगन? त्याला अवयवांच्या तीन जोड्या लागतात, आणि तेवढ्यानें तो बेडकापासून माणसापर्यंतच्या सर्व गोतावळ्यांतून बाहेर पडतो. आपल्या शिल्पांतील हात जोडून बसलेल्या गरुडालाहि हीच अडचण आहे. सहा पाय आणि वर पंख ही चैन फक्त कीटकांना परवडते. पण कीटकाला आंत हाडें नसतात, आणि त्याच्या शरीरांत हवा बारीक नळ्यांच्या जाळ्यांतून खेळते. ही व्यवस्था मोठ्या देहाला पुरी पडत नाहीं. सुमारें ३० कोटि वर्षांपूर्वींचा ‘मेगान्यूरा’ हा मोठ्यांत मोठ्या ज्ञात कीटकांपैकीं एक. त्याच्याहि पंखांचा पसारा सत्तर सेंटिमीटरच्या आसपासच होता. तोंडांतील आगीचा मुद्दा तर वर्गीकरणाच्या कामाचाच नाहीं. एक जातीचा भुंगेरा आपल्या शरीरांतील दोन द्रव्यें एकत्र आणून उकळत्या द्रवाचा फवारा शत्रूवर मारतो. पण म्हणून त्याला कोणी निराळ्या कुळांत घालीत नाहींत. तें त्याचें शस्त्र आहे, गोत्र नव्हे.

तर मग चार पायांच्या, पंखवाल्या सरीसृपाला कांहींच वाट नाहीं काय? आहे, आणि ती लिनीअसच्या त्या छोट्या सरड्यानेंच दाखविली आहे. ड्रॅको सरड्याचे चारहि पाय शाबूत असतात. त्याचे ‘पंख’ हातांचे नसून बरगड्यांचे असतात. कांहीं बरगड्या अतिशय लांब होऊन कुशीबाहेर येतात, आणि त्यांवर पातळ कातडीचा पडदा असतो. झाडावर बसतांना तो पडदा पंख्यासारखा मिटतो. उडी घेतली कीं उघडतो. हें खरें उड्डाण नव्हे, तरंगणें आहे. तरी पन्नास-साठ मीटर अंतर तो अशा रीतीनें सहज कापतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असें आढळलें, कीं तरंगतांना हा सरडा आपल्या पुढच्या पायांनीं पडद्याची कड धरून ठेवतो व तिच्या साहाय्यानें दिशा सांभाळतो. म्हणजे येथेंहि अखेर हातांना पंखांच्या सेवेला लागावें लागतेंच! या प्रजातीच्या सुमारें चाळीस जाति आहेत, आणि त्यांपैकीं ‘ड्रॅको दुस्सुमिएरी’ ही आपल्या सह्याद्रींत, गोव्याच्या व दक्षिण कोंकणच्या रानांतहि आढळते. शेपटीसकट वीतभर लांबीचा हा प्राणी खोडाच्या रंगांत मिसळून बसतो, मुंग्या खातो, आणि नर आपल्या गळ्याखालचा पिवळा पडदा फडकावून प्रतिस्पर्ध्याला दम देतो.

ड्रॅगन हें नांव लोकांच्या तोंडीं मिरविणारा दुसरा प्राणी म्हणजे इंडोनेशियांतील कोमोडो ड्रॅगन. त्याची हकीकत आल्ड्रोव्हांडीच्या ड्रॅगनच्या अगदीं उलट आहे. कोमोडो बेटावर जमिनीवरील मगर राहते, अशी वदंता होती. १९१० सालीं फान स्टाइन फान हेन्सब्रूक या डच लष्करी अधिकाऱ्यानें तेथें जाऊन एक प्राणी मारला आणि त्याचें छायाचित्र व कातडें जावामधील बुइटेन्झोर्ख, म्हणजे आजच्या बोगोर, येथील प्राणिसंग्रहालयाकडे पाठविलें. तेथील प्रमुख पीटर औवेन्स यांनीं १९१२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. वदंता, मग कातडें, मग वर्णन, असा हा सरळ मार्ग. तीन मीटरपर्यंत लांबीचा, हरिण आणि रानडुक्कर फाडणारा हा प्राणी; त्याच्या जबड्यांत विषग्रंथि असल्याचें २००९ सालीं, आणि दांतांच्या कडांवर लोहाचा थर असल्याचें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. एवढा दरारा असूनहि त्याचें कूळ विचाराल तर तो घोरपड आहे! आपल्या डोंगरांतील घोरपड आणि तो एकाच ‘व्हॅरेनस’ प्रजातींतले. किल्ल्याच्या तटाला घोरपड लावून चढण्याची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीं हें नातें अभिमानानें लक्षांत ठेवावें.

यावर कोणी म्हणेल, कीं शास्त्रज्ञ चमत्कारिक गोष्टींना मुळांतच नाकबूल असतात. तसें नाहीं. १७९९ सालीं ऑस्ट्रेलियांतील प्लॅटिपसचें कातडें लंडनमध्यें जॉर्ज शॉ याच्या हातीं आलें. अंग केसाळ, तोंड बदकाच्या चोचीचें! कोणीं टांके घालून तर जोडलें नाहीं ना, असा संशय त्यालाहि आला. टांके आढळले नाहींत. त्यानें प्राण्याला नांव दिलें, आणि १८८४ सालीं तो अंडीं घालतो हेंहि निःसंशय सिद्ध झालें. तेव्हां सस्तन प्राण्यांच्या व्याख्येलाच वळण द्यावें लागलें. प्लॅटिपस ड्रॅगनपेक्षां कमी विचित्र नाहीं. भेद एवढाच, कीं त्याचें कातडें टेबलावर होतें. उलट १९७५ सालीं स्कॉटलंडमधील लॉक नेस सरोवरांतील कथित महाप्राण्याला केवळ पाण्याखालील अस्पष्ट छायाचित्रांवरून एक भारदस्त लॅटिन धर्तीचें नांव देण्यांत आलें, आणि तें ‘नेचर’ या प्रतिष्ठित नियतकालिकांत छापूनहि आलें. पण प्राणी कांहीं त्यामुळें सरोवराबाहेर आला नाहीं. आजची आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहिता केवळ कल्पनेंतील प्राण्याला दिलेलें नांव विचारांतच घेत नाहीं, आणि नव्या जातीचें नांव ज्याला कायमचें बांधलेलें राहील असा नमुना मागते.

तेव्हां, श्रोतेहो, मूळ प्रश्नाचें उत्तर असें देतां येईल. बिनपायांचा ड्रॅगन सर्पांत जाईल. दोन पाय व दोन पंख असलेला टेरोसॉरांच्या शेजारीं बसूं शकेल. चार पायांचा व पंखांचा ड्रॅगन, त्याचे पंख बरगड्यांचे असतील तर सरड्यांत मोडेल, आणि स्वतंत्र तिसऱ्या जोडीचे असतील तर त्याला आपल्या कोणत्याहि नातलगांत जागा नाहीं. त्यानें आपले पूर्वजहि स्वतःबरोबरच आणले पाहिजेत. चिनी लुंग तर एकट्यानें नऊ घरांवर हक्क सांगतो, आणि जो नऊ घरांवर हक्क सांगतो त्याला एकहि घर मिळत नाहीं. हीं सर्व उत्तरें ‘जर’ या शब्दावर उभीं आहेत, आणि प्राणिशास्त्राच्या कोष्टकांत ‘जर’साठीं रकाना नसतो. म्हणून घरांतील मुलानें विचारलें, तर ड्रॅगन खोटा म्हणून त्याला गप्प बसवूं नये. पाय किती, पंख कशाचे आणि हाड कोठें आहे, हे तीन प्रश्न त्यालाच विचारावे. चित्रांतील ड्रॅगन तिसऱ्या प्रश्नापाशीं अडेल. सह्याद्रींतला वीतभर ड्रॅको मात्र तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें देतो; त्याला लागतात तीं फक्त उंच, जवळजवळ उभीं असलेलीं झाडें.